इस्रोचा गौरव खर्चाच्या आकड्यांवरच का थांबतो?

तटस्थ
कोणतीही मोहीम यशस्वी झाली की आपल्याकडे पहिला हिशेब पैशांचा मांडला जातो. मंगळयान ४५० कोटी रुपयांत गेले, चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत उतरले. मग कोणी त्याची तुलना एखाद्या परदेशी चित्रपटाच्या निर्मितीखर्चाशी करतो, तर कोणी किलोमीटरमागे रिक्षाभाडे काढून दाखवतो. ऐकायला हे गमतीचे वाटते. पण अर्ध्या शतकाहून अधिक काळ काम करणाऱ्या संस्थेची ओळख 'कमी पैशांत काम उरकणारी' एवढीच उरणार असेल, तर तो तिच्यावर अन्याय आहे असे माझे मत आहे.

१९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबाहून पहिले साउंडिंग रॉकेट उडाले, १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली आणि १९७२ मध्ये अवकाश आयोग व स्वतंत्र अवकाश विभाग अस्तित्वात आला. चंद्र आणि ग्रहांच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची आपली इच्छा नाही, परंतु प्रगत तंत्रज्ञान समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, अशी विक्रम साराभाईंची भूमिका होती.

माझा प्रश्न असा आहे: रुपयांचा उल्लेखही न करता इस्रोचे सर्वांत मोठे काम कोणते, हे सांगायचे झाल्यास आपण काय सांगाल? कृपया कारणांसह लिहावे.

धूमकेतू७
चांद्रयान-३. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटे. कारणे देण्याची गरज आहे असे वाटत नाही.

अनुस्वार
खर्चाच्या या कौतुकाला एका छायाचित्राने फार खतपाणी घातले आहे. बैलगाडीवर ठेवलेला 'ॲपल' उपग्रह सर्वांनी पाहिलेला असतो, आणि त्याखाली बहुधा 'ट्रकसाठीही पैसे नव्हते' अशा अर्थाची ओळ असते. प्रत्यक्षात त्या दिवशी उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती, ट्रकच्या धातूमुळे तिच्या मोजमापात गडबड होण्याची शक्यता होती आणि म्हणून लाकडी गाडी निवडण्यात आली. म्हणजे ज्या छायाचित्राकडे आपण गरिबीचा पुरावा म्हणून पाहतो, ते खरे तर एका नेमक्या तांत्रिक अडचणीवर शोधलेल्या उत्तराचे छायाचित्र आहे.

ॲपलची खरी गोष्ट याहून रंजक आहे. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान प्रक्षेपकाच्या चाचणी उड्डाणातून तो सोडण्यात आला. भूस्थिर कक्षेत नेण्यासाठी त्यात जी मोटर बसवली होती, ती आपल्याच एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावरून तयार केलेली होती. वर गेल्यावर त्याचे एक सौरपंख उघडलेच नाही, तरीही दोन वर्षांहून अधिक काळ तो चालवण्यात आला. एवढे सगळे असताना लोकांच्या लक्षात राहिले ते बैल.

शंकेखोर
धागालेखकाशी मी असहमत आहे. कमी खर्च हा गुण आहे आणि तो गुण म्हणूनच सांगितला पाहिजे. संसदेत दर वर्षी अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावे लागते, आणि ज्या देशात शाळा व दवाखान्यांसाठी पैसे कमी पडतात, तेथे अवकाश संस्थेने आपली काटकसर दाखवून दिली नाही तर तिला विचारणारे कोणीही उरणार नाही. नासाचे वर्षाचे अंदाजपत्रक सुमारे २५ अब्ज डॉलर, तर इस्रोचे सुमारे १३ हजार कोटी रुपये, म्हणजे दीड अब्ज डॉलरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरातही आपण मंगळापर्यंत पोहोचतो, हे सांगण्यात लाज कसली?

मुक्ता_ल
@शंकेखोर, लाज वाटण्याचा प्रश्न नाही. मंगळयान स्वस्त का पडले, हे सांगितल्याशिवाय केवळ आकडा पुढे केला की गैरसमज होतो, एवढेच म्हणणे आहे.

मंगळासाठी खरे तर जीएसएलव्ही हा अधिक ताकदीचा प्रक्षेपक हवा होता, पण २०१० मध्ये त्याची दोन्ही उड्डाणे अपयशी ठरल्यामुळे तो हाताशी नव्हता. त्याहून कमी ताकदीच्या पीएसएलव्हीला यान थेट मंगळाच्या वाटेवर ढकलता येत नाही. तो त्याला पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडू शकतो. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ च्या प्रक्षेपणानंतर यानाने स्वतःचे इंजिन वारंवार चालवून कक्षा वाढवत नेली आणि १ डिसेंबरच्या पहाटे पृथ्वीचा निरोप घेतला. सुमारे १३४० किलो वजनाच्या यानात ८५० किलोच्या आसपास इंधनच होते आणि वैज्ञानिक उपकरणांच्या वाट्याला जेमतेम १५ किलो आले. त्याच सुमारास निघालेल्या अमेरिकेच्या मॅव्हेन यानावरील उपकरणे सुमारे ६५ किलोंची होती. यानाचा सांगाडा चांद्रयान-१ च्या अनुभवावर बेतलेला होता आणि मंत्रिमंडळाच्या मंजुरीपासून उड्डाणापर्यंत सव्वा वर्षच गेले.

या सगळ्या निवडी त्या परिस्थितीत योग्यच होत्या आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात यान मंगळाच्या कक्षेत गेले, याचा मलाही अभिमान आहे. परंतु कमी किंमत हा त्या निवडींचा परिणाम होता, आणि त्या निवडींची किंमत विज्ञानाच्या बाजूने मोजावी लागली. १५ किलो उपकरणांकडून ६५ किलो उपकरणांइतके विज्ञान मिळेल अशी अपेक्षा ठेवणे, हे त्या मोहिमेवरही अन्यायकारक आहे.

धूमकेतू७
अभियंत्यांचे पगार राहिले. सरकारी वेतनश्रेणीत काम करणारी माणसे हे या स्वस्ताईचे एक मोठे कारण आहे, आणि त्याचे कौतुक करताना आपण नेमके कोणाचे कौतुक करत आहोत, याचा विचार व्हावा.

यंत्रशाळा
पुणे जिल्ह्यातील एका कारखान्यात मी बरीच वर्षे वेल्डिंगच्या तपासणीचे काम केले आहे, त्यामुळे 'स्वस्त' या शब्दाशी माझे फारसे जमत नाही.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असते आणि ते ज्या कवचात ओतले जाते, त्याचा व्यास २.८ मीटर असतो. कवच मॅरेजिंग स्टीलचे, म्हणजे निकेलचे प्रमाण मोठे असलेल्या एका खास पोलादाचे, आणि पाच खंडांत बनवलेले असते. वेल्डचा प्रत्येक सांधा पूर्ण लांबीभर क्ष-किरणांनी तपासला जातो. फिल्म प्रकाशपेटीवर ठेवून भिंगाने पाहताना टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, तरी तो वायूचा बुडबुडा आहे की फिल्मवरचा डाग, यावर तासभर चर्चा चालते. दोष निघाला तर दुरुस्ती करता येते, परंतु त्याच जागी पुन्हा पुन्हा उष्णता देता येत नाही, कारण त्याने धातूचे गुणच बदलतात. त्यानंतर संपूर्ण खंड भट्टीत साधारण ४८० अंश सेल्सियसवर ठेवून त्याला कठीणपणा आणला जातो आणि शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी होते. त्या वेळी कवचावर ठिकठिकाणी संवेदक चिकटवलेले असतात आणि पोलादाच्या आत कोठे सूक्ष्म तडा वाढू लागला, तर त्याचा आवाज ते टिपतात. दाब चढत असताना शेडमध्ये कोणी मोठ्याने बोलत नसे.

हे काम स्वस्तात होत नाही. खासगी कारखान्यांनी वर्षानुवर्षे थोड्याच संख्येच्या मागणीसाठी यंत्रे, भट्ट्या आणि माणसे राखून ठेवली. इस्रोच्या इतिहासात विक्रोळी, पवई आणि वालचंदनगर या ठिकाणांनाही स्थान आहे, ते या कारणाने.

शंकेखोर
यंत्रशाळा यांचा प्रतिसाद अप्रतिम आहे, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ज्या कामावर बचत करायची नाही तेथे केली गेली नाही, आणि जेथे करता येत होती तेथे केली गेली. यालाच काटकसर म्हणतात.

जुना वाचक
मूळ प्रश्नाला माझे उत्तर 'साइट' हे आहे. नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसण्याची शक्यता असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरदर्शन कार्यक्रम दाखवले गेले. उपग्रह अमेरिकेचा होता, पण कार्यक्रम, भूकेंद्रे आणि खेड्यांतले संच उभे करण्याची जबाबदारी आपली होती. गावातल्या सार्वजनिक जागी संच ठेवलेला असे आणि बाहेर सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची अँटेना असे. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय असत. ज्या खेड्यांत वीजही नव्हती, तेथे संच बॅटरीवर चालवले गेले. बिघडलेला संच दुरुस्त करायला माणूस कसा आणि किती वेळात पोहोचेल, याची आखणी हा या प्रयोगाचा तंत्रज्ञानाइतकाच मोठा भाग होता. एका वर्षाने उपग्रह परत गेला तेव्हा आपल्याकडे उरले ते हे सगळे चालवण्याचे शहाणपण, आणि त्यावरच पुढे इन्सॅटची मालिका उभी राहिली.

या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस होते. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. थुंबाची जागा शोधण्यात ते साराभाईंच्या बरोबर होते, पुढे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले आणि वयाची शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले. त्यांच्याबरोबर वसंत गोवारीकर आणि प्रमोद काळे ही नावे घ्यायलाच हवीत. गोवारीकरांनी थुंबात घन इंधनाचे काम उभे केले आणि १९८० मध्ये एसएलव्ही-३ यशस्वी झाला, तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. काळे हे तर थुंबाच्या अगदी पहिल्या तुकडीतले, आणि पुढे अहमदाबाद व थुंबा या दोन्ही केंद्रांचे संचालक झाले. मराठी वाचकांना गोवारीकर मोसमी पावसाच्या प्रारूपामुळे माहीत असतात; इंधनामुळे क्वचितच.

क्षितिज
वाचनखूण साठवली आहे. एक शंका: प्रक्षेपणाची जागा थुंबाहून श्रीहरिकोट्याला का नेली?

अनुस्वार
@क्षितिज, दोन्ही जागांची कामे वेगळी आहेत. थुंबावरून चुंबकीय विषुववृत्त जाते आणि त्यावरच्या आकाशात विद्युतप्रवाहाचा एक पट्टा वाहतो. त्याचा अभ्यास करण्यासाठी लहान रॉकेटे तेथूनच सोडणे सोयीचे होते. पहिल्या नाइके-अपाची रॉकेटने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग संध्याकाळच्या आकाशात दिसला होता. त्या ढगाच्या सरकण्यावरून वरच्या थरांतले वारे मोजले जातात. रॉकेट नासाचे होते, सोडियमचे उपकरण फ्रान्सचे होते आणि कार्यशाळा किनाऱ्यावरच्या सेंट मेरी मॅग्डलिन चर्चमध्ये होती. तेथील बिशप आणि गावकऱ्यांनी ती जागा विज्ञानासाठी दिली.

उपग्रह सोडायचा असेल तर मात्र पूर्व किनारा लागतो, कारण पूर्वेकडे उडताना पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो आणि खाली समुद्र असल्यामुळे सुटलेले टप्पे वस्तीवर पडत नाहीत. मात्र ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे जावे लागते, आणि वाटेत श्रीलंका आहे. त्यामुळे पीएसएलव्ही आधी आग्नेयेकडे जातो आणि मग वळण घेतो. या वळणात बरेच इंधन खर्च होते आणि लहान प्रक्षेपकाला ते फारच महाग पडते. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे नवा तळ उभारला जात आहे, तो याच कारणासाठी. तेथून सरळ दक्षिणेला मोकळा समुद्र आहे.

सागरकन्या
माझे सासर रत्नागिरीचे असून दीर मासेमारी नौकेवर तांडेल आहेत. त्यांच्या दृष्टीने इस्रो म्हणजे चंद्र नव्हे, तर मोबाइलवर येणारी संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना. बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर आणि किती खोलीवर मासळी मिळण्याची शक्यता आहे, ते त्यात दिलेले असते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग यांवरून ती तयार करते. रंगावरून हरितद्रव्य कळते, हरितद्रव्य जेथे जास्त तेथे खाद्य जास्त आणि तेथे मासळी येते. रंगाची ही माहिती इस्रोच्या ओशनसॅट मालिकेतूनही मिळते.

दीर प्रत्येक वेळी सूचनेप्रमाणेच जातात असे नाही. सूचनेतली खोली मीटरमध्ये असते, ते ती मनात वावांत मोजतात, आणि आदल्या दिवशीचे वारे व पाण्याची ओढ लक्षात घेऊन क्षेत्र कोठे सरकले असेल याचा स्वतःचा अंदाज करतात. आकाश ढगाळ असेल तर सूचना येतच नाही, कारण उपग्रहाला पाणी दिसत नाही. तरीही डिझेलची बचत होते, हे ते मान्य करतात. मूळ प्रश्नात रुपयांना बंदी आहे, पण डिझेल चालत असावे अशी आशा आहे.

तटस्थ
@सागरकन्या, डिझेल चालेल. आपला प्रतिसाद मला अपेक्षित असलेल्या उत्तराच्या सर्वांत जवळचा आहे.

क्षितिज
मी क्रायोजेनिक इंजिनाचे नाव घेईन. १९९१ मध्ये सोव्हिएत संस्थेशी करार झाला, १९९२ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्र नियंत्रणाच्या नियमांवर बोट ठेवून निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. तयार टप्पे मात्र मिळाले. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन शेजारी शेजारी साठवायचे, अतिवेगाने फिरणाऱ्या पंपांनी खेचायचे आणि काही पावलांवर हजारो अंशांच्या ज्वालेत जाळायचे, हे सगळे आपल्याला स्वतः शिकावे लागले. १५ एप्रिल २०१० रोजी आपला पहिला क्रायोजेनिक टप्पा उडाला, तेव्हा हायड्रोजनचा पंप थांबला आणि उड्डाण फसले. १९ ऑगस्ट २०१३ रोजी दुसऱ्या टप्प्यातून इंधनाची गळती दिसल्यामुळे शेवटच्या दोन तासांत उड्डाण थांबवावे लागले. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी यश मिळाले. निर्बंध लादले गेले नसते तर आपण हे कधीच शिकलो नसतो.

मुक्ता_ल
निर्बंधांमुळे आपले भले झाले, हे शेवटचे वाक्य मला पटत नाही. वीस वर्षे गेली, आणि त्या काळात आपले जड दळणवळण उपग्रह परदेशी प्रक्षेपकांवरून पाठवावे लागले. शिकण्याचा दुसरा मार्ग आपल्याच इतिहासात आहे. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातले 'विकास' इंजिन फ्रान्सच्या 'व्हायकिंग' इंजिनावरून आले. १९७४ च्या करारात पैशांऐवजी आपल्या अभियंत्यांचे काम देण्याचे ठरले, साधारण शंभर मनुष्यवर्षांचे. आपली माणसे तेथे राहिली, आराखडे समजून घेतले आणि परत येऊन इंजिन बनवले. सहकार्यातूनही स्वावलंबन येते, आणि बऱ्याचदा लवकर येते.

याच क्रायोजेनिक प्रकल्पाचे प्रमुख नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली. सीबीआयने १९९६ मध्ये आरोप निराधार ठरवले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपयांची भरपाई दिली. वीस वर्षांच्या हिशेबात हेही धरावे लागते.

शंकेखोर
एक प्रश्न सर्वांनाच विचारतो. अपयशांबद्दल इस्रो पुरेसे सांगते का? चांद्रयान-२ चा विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आदळला, आणि नेमके काय झाले ते लोकांना सविस्तर कळले चार वर्षांनी, चांद्रयान-३ च्या तोंडावर.

अनुस्वार
हा आक्षेप रास्त आहे. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ समुद्रात पडला तेव्हा सतीश धवन यांनी अध्यक्ष म्हणून पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःकडे घेतली होती, आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या झडपेतून ऑक्सिडायझर गळल्याचे कारणही पुढे आले. १९९३ च्या पहिल्या पीएसएलव्हीबाबतही टप्पे विलग होतानाचा हेलकावा आणि संगणकाच्या आज्ञावलीतली चूक उघडपणे मांडली गेली. मधल्या काळातल्या एएसएलव्हीची पहिली दोन उड्डाणे, १९८७ आणि १९८८ ची, पाण्यात गेली, तेव्हा 'समुद्राची ओढ असलेले यान' अशी थट्टाही झाली होती. थट्टा सहन करूनही माहिती दिली गेली, ही जुनी परंपरा आहे. ती अलीकडे पातळ झाली आहे, असे मलाही वाटते.

मुक्ता_ल
परंतु अंतर्गत विश्लेषण पातळ झालेले नाही, याचा पुरावा चांद्रयान-३ हाच आहे. चांद्रयान-२ मध्ये पाचही इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा किंचित अधिक राहिला, त्यामुळे चुका साठत गेल्या, आणि त्या सुधारण्यासाठी जेवढ्या वेगाने वळायला हवे होते तेवढे वळण्याची मुभा आज्ञावलीत नव्हती. उतरण्यासाठी ठरवलेली जागा ५०० मीटर गुणिले ५०० मीटर एवढीच होती. तिसऱ्या मोहिमेत मधले पाचवे इंजिन काढले, पाय बळकट केले, इंधन वाढवले, वेग थेट मोजणारे लेझर उपकरण बसवले आणि जागा ४ गुणिले २.४ किलोमीटर केली. कोठे कोठे चुकू शकते याची यादी करून, तसे चुकले तरी उतरता यावे अशी ती रचना होती. म्हणून धूमकेतू७ यांचे पहिले उत्तर मला मान्य आहे. त्यांनी कारणे दिली असती तर अधिक आवडले असते.

धूमकेतू७
कारणे आपण दिलीत. मी आभारी आहे.

यंत्रशाळा
चंद्राच्या गोष्टीत 'नाविक' विसरले जाते, आणि मला त्याची अधिक चिंता वाटते. दिशादर्शनाच्या या उपग्रहमालिकेतल्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम आण्विक घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णताकवचच न उघडल्यामुळे वाया गेला. मे २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ असलेला एनव्हीएस-०१ गेला आणि आशा वाटू लागली, तर जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ झडपा न उघडल्यामुळे अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. ते श्रीहरिकोट्याहून शंभरावे प्रक्षेपण होते, म्हणून सगळीकडे शंभराचा आकडा छापून आला. उपग्रहाचे पुढे काय झाले, ही बातमी आतल्या पानावर गेली. रोज उपयोगी पडणारी यंत्रणा वेळेवर पूर्ण व्हावी, असा दबाव लोकांनी संस्थेवर आणला पाहिजे. चंद्रासाठी तो आपोआप येतो.

तटस्थ
चर्चा मी अपेक्षिली होती त्याहून खोलवर गेली, याबद्दल सर्वांचे आभार. माझे स्वतःचे उत्तर आता देतो. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी एलव्हीएम-३ ने ४४०० किलोंचा सीएमएस-०३ भारतीय भूमीवरून नेला. या पंचेचाळीस वर्षांत प्रक्षेपकांचा एकही कार्यक्रम पहिल्या अपयशानंतर गुंडाळला गेला नाही, आणि एसएलव्ही, एएसएलव्ही, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही या चौघांपैकी तिघांची पहिली उड्डाणे तर सरळ फसलीच होती. इतक्या सरकारांच्या काळात हे सातत्य टिकवणे, हे माझ्या मते सर्वांत मोठे काम आहे. शंकेखोर यांना ते पटेल असे वाटत नाही.

लेखापाल
उशिरा येत आहे, पण पैशांवर बंदी असली तरी पैशांबद्दलच लिहितो, कारण मूळ आकडाच अर्धा आहे. चांद्रयान-३ चे ६१५ कोटी म्हणजे लँडर, रोव्हर व प्रणोदन यानाचे सुमारे २५० आणि प्रक्षेपणाचे ३६५ कोटी. यात स्वतंत्र ऑर्बिटर नाही. तो चांद्रयान-२ चा, २०१९ पासून चंद्राभोवती फिरत असलेला वापरला गेला. उतरण्याच्या जागेची बारीक छायाचित्रे त्याच्याच कॅमेऱ्यांनी दिली होती आणि संदेशवहनासाठीही त्याची सोय ठेवलेली होती. चांद्रयान-२ चा खर्च ९७८ कोटी होता. शिवाय वर वर्णन केलेल्या सगळ्या सुधारणा त्याच्या अपयशातून आल्या. जमाखर्च प्रामाणिकपणे लिहायचा असेल तर चंद्रावर उतरण्याची किंमत दोन्ही मोहिमा मिळून १५९३ कोटी रुपये धरली पाहिजे. पहिली मोहीम 'फसली' म्हणून खात्यातून वजा करायची आणि दुसरीची स्वस्ताई मिरवायची, हे लेखाशास्त्रात बसत नाही.

शंकेखोर
हा हिशेब मला मान्य आहे. १५९३ कोटी. तरीही स्वस्तच आहे.